चंद्राबाई आणि बारा नंबरची ओळ

चंद्राबाईंवर काही लिहावं असा माझा अधिकार नाही, हे मला माहीत आहे. मी त्यांच्याबरोबर एकच हंगाम काढला, फेब्रुवारी ते मे. त्यांच्या शेजारी पंधरा-पंधरा वर्षं कळ्या बांधणाऱ्या बायका आहेत. त्यांना विचारलं तर त्या जास्त सांगतील आणि नेमकं सांगतील. पण त्या लिहिणार नाहीत. आमच्याही घरात आजवर कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अशा लेखाची सुरुवात कशी करतात हे विचारायला कुणी नव्हतं. तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. चंद्राबाईंनी सांभाळून घेतलं नसतं, पण त्यांना वाचता येत नाही.

मी उरवड्याचा. वडील तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्राचा एक प्रकल्प करावा लागतो. आमच्या मॅडमनी मला कासार आंबोलीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका बियाणं कंपनीच्या प्लॉटवर पाठवलं. तीन पॉलिहाऊस, पत्र्याचं ऑफिस, ऑफिसात बियांची पाकिटं ठेवायला एक फ्रीज. तिथे काकडीच्या नव्या जाती तयार करायचं काम चालतं. बर्वे सर तिथले शास्त्रज्ञ. त्यांनी माझं पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "काही अडलं तर आधी चंद्राबाईंना विचारा. त्यांना माहीत नसेल तर मला विचारा." मग वळता वळता म्हणाले, "मला विचारायची वेळ सहसा येत नाही."

चंद्राबाई तेव्हा दोन नंबरच्या पॉलिहाऊसात वेलींमध्ये वाकून उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ. नऊवारीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. उजव्या हाताच्या बोटांची टोकं काळी-तपकिरी. मला वाटलं मिसरीचे डाग असतील. पुढे कळलं की त्या मिसरी लावत नाहीत, ते डाग चांदीचे आहेत.

"नाव काय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"वैभव."

"शिकतुयास?"

"हो. बीएस्सीला आहे."

"म्हंजी कालेज."

त्या दिवसापासून मी तिथे कालेज होतो. "ए कालेज, दोरा आण." "कालेज, पाय बघून टाक." माझं नाव त्यांच्या लक्षात होतं. त्यांना ते वापरायची गरज वाटली नाही, इतकंच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका वेलीपुढे उभं केलं आणि विचारलं, "यात बाई कंची आन बाप्या कंचा?" मी वीस वर्षं काकडी खाल्ली होती. आमच्या आईनं दर पावसाळ्यात कुंपणाला वेल चढवला होता. पण काकडीच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, वेलावर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक फूल उलटं केलं. पिवळ्या पाकळ्यांच्या मागे करंगळीच्या पेराएवढी, काटेरी लव असलेली काकडी आधीपासूनच होती. "ही बाई. संगट पोर घिऊनच जन्माला येती. बाप्याच्या मागं नुसता देठ."

एवढं सांगून त्या पुढे गेल्या. माझ्या प्रकल्पाचं पहिलं प्रकरण तेवढंच आहे, फक्त ते मी आठ पानांत लिहिलं.

पुढचं वाचताना अडचण होऊ नये म्हणून तिथल्या कामाबद्दल थोडं सांगतो. काकडीत काही झाडं अशी असतात की त्यांना जवळजवळ सगळी मादीच फुलं येतात. प्रत्येक पेरावर फळ, म्हणून शेतकऱ्याला अशी झाडं हवी असतात. दुसरा एक गुण आहे. काही झाडांची फळं परागकण न मिळताच वाढतात, आणि त्यात बी धरत नाही. पॉलिहाऊसात मधमाशी येत नाही, तिथे हा गुण लागतो. हे दोन्ही गुण आईबापांकडून येतात. बर्वे सरांना दोन्ही एका झाडात हवे होते, आणि त्याला चव गावठी काकडीची हवी होती.

गुण कसे उतरतात याची माझ्या पुस्तकात चार घरांची एक चौकट होती. चारांत तीन अशी, एक तसं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ती काडीनं मातीत काढून चंद्राबाईंना दाखवली. त्यांनी भाकरी चावत ती नीट बघितली.

"मला चार पोरं हायेत," त्या म्हणाल्या. "तुज्या हिशोबानं तीन बापावाणी आळशी आन एक माज्यावाणी निघाया पायजे व्हतं."

"मग?"

"चारी बापावाणी."

लताताई म्हणून घोटावड्याच्या एक बाई त्यांच्या जोडीला कामाला होत्या. त्या हसून ठसकल्या. चंद्राबाई हसल्या नाहीत. चौकटीकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, "चार लई कमी झाली. शंभर असती तर बसलं असतं तुजं." हे मी बर्वे सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, हे समजायला त्यांना एम.एस्सी.ची दोन वर्षं लागली होती.

चंद्राबाईंचं मुख्य काम कळ्या बांधण्याचं. उद्या सकाळी उमलणारी मादी कळी आज संध्याकाळी ओळखायची आणि तिच्या पाकळ्यांना लोकरीचा दोरा बांधायचा, म्हणजे ती उमलणारच नाही, आणि जाळी फाटली असली तरी एखादी माशी आत शिरणार नाही. लाल दोरा म्हणजे हिला परागकण मिळू द्यायचे नाहीत, बघू फळ धरतं का. पांढरा दोरा म्हणजे हिला आपण सकाळी दोरा सोडून हातानं परागकण लावले आणि पुन्हा बांधलं आहे, बी धरायचं आहे. गाठ इतकी हलकी की पाकळी चिरू नये आणि इतकी घट्ट की मुंगी जाऊ नये. मी बांधलेल्या पहिल्या वीस कळ्या त्यांनी सगळ्या खुडून टाकल्या. रागानं नाही. शेंगा निवडाव्यात तशा.

"यातल्या काही बरोबर असतील की," मी म्हणालो.

"असतील. कंच्या?"

मी खुडलेल्या कळ्या उलटसुलट करून बघू लागलो.

"मंग," त्या म्हणाल्या आणि शेवटची खुडली.

स्वतःच्या बाबतीतही हाच नियम होता. बांधलेल्या कळीजवळ माशी घोंघावताना दिसली, दोरा जरा सैल वाटला, की कळी गेली. ओळीत तेवढंच एक फूल असलं तरी गेली. बर्वे सर कधी कधी कळवळून म्हणत, "अहो, एवढी एक ठेवायची होती." चंद्राबाई म्हणायच्या, "ठिवते. पण तुमी तिच्यावर काय लिवाल ते मला सांगा आदी."

त्या काकडी खात नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "कामाचं कोन खातं?" पण चव बघायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यासाठी त्या दुसऱ्यांना फोडी देत आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. लताताईंचं तोंड त्यांना सगळ्यात भरवशाचं वाटायचं. माझं तोंड त्यांनी दोन दिवसांत बाद केलं. "ह्याला समदंच ग्वाड लागतं," त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून तीन माणसं प्लॉट बघायला आली. हिंदीत बोलणारी. त्यातल्या एकानं चंद्राबाईंना विचारलं, "आप यहाँ क्या करती हैं?"

"बांधते."

"क्या बाँधती हैं?"

"फूल."

"क्यूँ?"

चंद्राबाईंनी जरा विचार केला. "लगीन लागू ने म्हनून."

त्या साहेबांनी बर्वे सरांकडे बघितलं. सरांनी इंग्रजीत दोन मिनिटं समजावून सांगितलं. मग ते साहेब म्हणाले, म्हणजे त्या म्हणाल्या तेच ना.

बी नसलेल्या काकडीचं बी कसं धरतात, हा प्रश्न मला आठ दिवस पडला होता, पण विचारायला लाज वाटत होती. शेवटी चंद्राबाईंनीच दाखवलं. अशा झाडाला परागकण लावले तर बी धरतं, लावले नाहीत तर बिनबियांचं फळ येतं. पण सगळी मादीच फुलं असलेल्या झाडाला परागकण आणायचे कुठून? बाहेरच्या नराचे लावले तर पुढच्या पिढीत भेसळ आली. त्यावर उपाय म्हणजे कोवळ्या शेंड्यावर चांदीच्या क्षाराचं पाणी फवारायचं. मग दोनेक आठवड्यांनी त्याच झाडाला काही दिवस नर फुलं येतात. त्यांचे परागकण त्याच झाडाच्या मादी फुलाला लावायचे. जे बी धरतं त्याची झाडं पुन्हा सगळी मादी. बायका त्याला चांदीचं पाणी म्हणत.

"बाईलाच चार दिस बाप्या करायचं," चंद्राबाईंनी मला समजावलं. "काम झालं की परत बाई."

लताताई म्हणाल्या, "आमच्या घरी उलटं जमंल का? भांडी घासण्यापुरतं?"

"त्याला चांदी पुरायची न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या.

हे पाणी फवारायची परवानगी फक्त त्यांनाच होती. कारण एक थेंब शेजारच्या ओळीवर उडाला तर तिथेही नर फुलं येणार, आणि ती झाडाची स्वतःची आहेत की फवाऱ्यानं आली आहेत हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. सकाळी वारा सुटायच्या आत यायचं. दोन ओळींच्या मध्ये ओली चादर धरून दोन बायका उभ्या करायच्या. आणि चादरीच्या पलीकडे, शेजारच्या ओळीवर, ऑफिसातले कोरे कागद दोऱ्याला चिमटे लावून टांगायचे. चांदीचं पाणी कागदावर पडलं तर आधी दिसत नाही, उन्हात राहिलं की तिथे तपकिरी ठिपका उमटतो. दुसऱ्या दिवशी चंद्राबाई एकेक कागद उन्हाकडे धरून बघायच्या. ठिपका नसला की सगळे कागद चुलीत. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. स्वतःच्या बोटांना डाग कसे पडतात ते बघून त्यांनी ती काढली होती. ऑफिसातून एवढे कागद का जातात म्हणून वरून एकदा विचारणा झाली होती. सरांनी उत्तरात 'संशोधन' लिहिलं.

आता बारा नंबरच्या ओळीबद्दल.

दोन नंबरच्या पॉलिहाऊसात चौदा ओळी होत्या. त्यातल्या बारा नंबरच्या ओळीचा एक पूर्वज परदेशी, मादी फुलांचा आणि बिनबियांचा. दुसरा म्हणजे चंद्राबाईंच्या आईच्या माळावरची पांढुरकी काकडी. ताम्हिणीकडच्या एका वाडीवर त्यांचं माहेर. आई गेली तेव्हा चुलीवरच्या शिंकाळ्यात चिंधीत बांधलेलं मूठभर बी निघालं. भावांनी माळ विकला होता, त्यांना बी नको होतं. चंद्राबाईंनी ते आणून बर्वे सरांच्या टेबलावर ठेवलं. त्याला सात वर्षं झाली. पहिल्या संकरात चव आली तर नर फुलं आली. पुढे मादी झाडं मिळाली तर ती, कळ्या बांधल्या की, फळ धरेनात, काही धरायची, काही वाळून जायची. दर हंगामात शेकडो झाडांतून दोन-चार निवडायची, बाकीची उपटायची. उपटायचं काम चंद्राबाईंचंच. त्या वर्षी पहिल्यांदा ओळ जमली होती, अशी सरांची खात्री होती. लाल दोऱ्याची फळं भराभर वाढत होती.

त्यातलं एक फळ चंद्राबाईंनी उभं चिरलं. आत बियांच्या जागी नुसत्या मऊ, पांढऱ्या पापुद्र्यांच्या रेघा. त्यांनी एक फोड लताताईंना दिली, एक मला दिली, आणि मग एक स्वतःच्या तोंडात टाकली. आम्ही दोघं बघत राहिलो. त्यांनी ती बराच वेळ चावली.

"आईच्या माळाची हाय," त्या म्हणाल्या. "बी तेवढं न्हाई." आणि हात शर्टाला पुसून कामाला लागल्या.

एप्रिलच्या शेवटी वरची माणसं पुन्हा येणार होती. न फवारलेल्या ओळीत एकही नर फूल दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. ओळ पास झाली तर मोठ्या चाचणीला जाणार, नाही तर बंद. सात वर्षं पुष्कळ झाली असं त्यांनी सरांना आधीच कळवलं होतं. चंद्राबाईंच्या आईच्या काकडीचं बी आता दुसरीकडे कुठेही नव्हतं. जे काही उरलं होतं ते त्या ओळीत, असं आम्ही सगळे धरून होतो.

ती माणसं यायच्या चार दिवस आधी चंद्राबाई सकाळी ओळ बघत गेल्या आणि परत आल्या. पुन्हा गेल्या. मग ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सायब, बाराला नर आल्यात."

"किती झाडांवर?"

"पाच."

सर उठून गेले. मीही मागे गेलो. पाच झाडांवर, वरच्या पेरांना, नुसत्या देठाची फुलं होती. त्या दिवसांत ऊन फार होतं. पॉलिहाऊसच्या बाजूचा पडदा गुंडाळायची कळ बिघडली होती आणि दुपारी आत उभं राहवत नव्हतं. पण बाकीच्या ओळी ठीक होत्या, त्यामुळे ते कुणाच्या मनात आलं नाही. सरांनी शेजारच्या अकरा नंबरकडे बघितलं. अकराला तीन आठवड्यांपूर्वी चांदीचं पाणी फवारलं होतं. तिथे नर फुलं होती आणि ती असायलाच हवी होती.

सर चष्मा काढून पुसत म्हणाले, "चंद्राबाई, फवारा उडाला असेल हो. अकरावरून."

चंद्राबाईंनी एक फूल उलटं करून बघितलं.

"तसं असेल तर ही पाच झाडं मोजायची नाहीत. मी तसं लिहीन. ओळ पास होईल."

मला तेव्हा कळलं की सर विचारत नव्हते. सांगत होते. चंद्राबाईंनाही कळलं असावं.

"कागद कोरं व्हतं," त्या म्हणाल्या.

"कागद आता कुठे आहेत?"

"जाळलं. जाळतोच की आपण."

"मग झालं तर. कागद नाहीत. तुम्ही नुसतं म्हणा की उडाला असेल. असेल म्हणा. उडाला म्हणू नका."

चंद्राबाई त्या फुलांकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत होतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. लताताई मागून हळूच म्हणाल्या, "म्हना की आक्का. तुमच्याच आईचं हाय."

"फवारा मी मारला," चंद्राबाई म्हणाल्या. "उडाला न्हाई. हे नर झाडाचंच हायेत. तसंच लिवा."

"ओळ जाईल."

"जाईल."

सरांनी तसंच लिहिलं. चार दिवसांनी माणसं आली, कागद बघितला, ओळ बंद झाली. पाहुणे जेवायला गेले तेव्हा चंद्राबाईंनी बारा नंबरची झाडं उपटायला घेतली. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "तू तुजं लिव." पुढच्या आठवड्यात माझा प्रकल्प संपला. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्या चौदा नंबरला दोरे बांधत होत्या. "परीक्षा हाय ना? जा मंग," एवढंच म्हणाल्या.

खरं म्हणजे हे इथेच थांबायला हवं होतं. पण बर्वे सरांच्या फ्रीजमध्ये बारा नंबरच्या बियांचं आधीचं एक पाकीट उरलं होतं. बंद झालेल्या ओळीचं बी ठेवायचं नसतं. सरांनी ते फेकलं नव्हतं. थंडीत तीन नंबरच्या पॉलिहाऊसचा एक कोपरा रिकामा होता, तिथे त्यांनी चाळीस झाडं लावली. डिसेंबरात फुलं आली. चाळीसच्या चाळीस मादी. एकही नर नाही.

सर आनंदानं धावत चंद्राबाईंना सांगायला गेले. मी तेव्हा पुण्यात एम.एस्सी.ला होतो, हे मला लताताईंनी फोनवर सांगितलं. चंद्राबाईंनी ती चाळीस झाडं शेंड्यापासून बुडापर्यंत दोनदा तपासली. मग ऑफिसात येऊन सरांना म्हणाल्या, "म्हंजी तवा उडाला व्हता."

"तसं कशाला म्हणता? दुसरं काही कारण असेल."

"झाडात नर न्हाई. तर तवा आला कुटनं? माज्या हातनं उडाला. आन कागदावरचा ठिपका मला दिसला न्हाई. डोळा गेला माजा, सायब."

सरांनी चष्म्याचं सुचवलं. डॉक्टरकडे न्यायला गाडी देतो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून चंद्राबाई कामावर आल्या नाहीत.

मी फेब्रुवारीत त्यांच्या वाडीवर गेलो होतो. पौडच्या पुढे रस्ता सोडला की अर्धा तास चढ. त्या अंगणात हिरड्याची सुकलेली फळं निवडत बसल्या होत्या. चांगली एका बाजूला, किडकी दुसऱ्या बाजूला. फार वेगात. मी म्हणालो, "मावशी, डोळा तर चांगला चाललाय."

"हिरड्यात काय चुकलं तर कुनाचं वाटोळं व्हत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी सरांचा विषय काढला. ते रोज वाट बघतात म्हणालो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, उडाला न्हाई. त्यानं लिवलं. माज्या आईचं बी उपटलं, ते मीच. आन आता कळतंय, ते बोलनंच खोटं व्हतं. मंग त्याच्या आदी सतरा वरसं जे बांधलं, खुडलं, त्यात किती खोटं आसंल? तू सांग."

मी शिकलो होतो त्यात याचं उत्तर होतं का, हेही मला त्या वेळी आठवेना. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा पिऊन मी निघालो. वळणावरून मागे बघितलं तेव्हा त्या पुन्हा निवडायला लागल्या होत्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

मे महिन्याच्या सुरुवातीला, लायब्ररीत असताना, लताताईंचा फोन आला. मी जिन्यात जाऊन घेतला. मला वाटलं काहीतरी वाईट आहे, कारण त्या एरवी मिस कॉल देतात.

त्यांनी सांगितलं ते असं. उरलेलं सगळं बी सरांनी फेब्रुवारीत लावलं. भर उन्हाळ्यात फुलं यावीत म्हणून. बाजूचे पडदे मुद्दाम वर घेतले नाहीत. आणि तो सबंध हंगाम चांदीचं पाणी पॉलिहाऊसात आणलंच नाही, ऑफिसातल्या कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. एप्रिलच्या शेवटी, उष्मा वाढल्यावर, बारा नंबरच्या काही झाडांना वरच्या पेरांवर नर फुलं आली. तशीच. ती उन्हानं येत होती. थंडीत येत नव्हती. म्हणजे त्या वर्षीची ती पाच झाडांवरची फुलं झाडाचीच होती, आणि थंडीच्या हंगामाला ओळ चालण्यासारखी होती.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनले, हे मला तवाच सुचाया पायजे व्हतं. दोनदा म्हनले. मंग गाडी काढली. मला म्हनले चला संगट."

"चंद्राबाईंना सांगितलं?"

"सांगितलं की. अंगनात हुबं ऱ्हाऊन समदं सांगितलं सायबांनी. ती ऐकत बसली. मंग येकच इचारलं, आसपास कुटं पानी मारलं व्हतं का. सायब म्हनले, आनलंच न्हवतं. मंग म्हनली, बरं."

"आणि?"

"आन काय. उठून घरात गेली. मला वाटलं आता रडाया गेली. आमी हुबंच. सायब आकाशाकडं बघत्यात. तर ही पायात चपला घालून भायेर आली आन म्हनली, गाडी हाय तर चला, उशीर झाला तर आजच्या कळ्या ऱ्हातील."

मागे कुणाचा तरी आवाज आला, कुणावर तरी करवादल्यासारखा. लताताई हळू आवाजात म्हणाल्या, "ठिवते. चार दिस झालं आल्याला, आन फोनवर बोललेलं तिला चालत न्हाई."